रुसूबाई कधी रुसते

सूनबाईच्या कचेरीत एक चाचणी होती. तिला सगळे रुसूबाई म्हणत. पन्नास वेळा नीट चालायची, एक्कावन्नाव्या वेळी लाल व्हायची. बटण दाबून परत चालवली की हिरवी, जसं काही झालंच नाही.

सूनबाईचं काम मला कळलं तेवढं असं. लोक मशीनवर फायली ठेवतात. त्या जागच्या जागी ठेवणारी, मागितल्या की काढून देणारी आणि प्रत्येकीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करणारी यंत्रणा तिच्या कचेरीत बनते. एक डिस्क मेली तर दुसरीवरची प्रत कामी यावी. या यंत्रणेत कोणी काडीचा बदल केला तरी आधी हजारभर चाचण्या आपोआप चालतात, आणि सगळ्या हिरव्या झाल्या तरच बदल पुढे जातो. रुसूबाई त्या हजारांतली एक. फाइलीत एक शब्द लिहायचा, त्याची प्रत होऊ द्यायची, लगेच त्याच जागी तेवढ्याच अक्षरांचा दुसरा शब्द लिहायचा, आणि प्रतीतही नवा शब्द आला का ते बघायचं, एवढंच तिचं काम. लाल व्हायची तेव्हा प्रतीत जुनाच शब्द सापडायचा.

सोमवारी संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन सूनबाई म्हणाली, ‘‘बाबा, शुक्रवारी दुपारपर्यंत रुसूबाई सरळ झाली नाही तर तिला काढून टाकणार.’’

‘‘कोण काढणार?’’

‘‘मुकादम.’’

मुकादम म्हणजे तिचा वरचा साहेब. हे नाव मी ठेवलेलं. आमच्या छापखान्यात प्रत्येक पाळीला एक मुकादम असे आणि काम वेळेवर निघालं की तो पृथ्वी तरली म्हणून सुस्कारा टाकी. हाही तसाच. माणूस वाईट नव्हता. महिनाअखेरीला यंत्रणेची नवी आवृत्ती बाहेर काढून तो वरच्या जागेवर जाणार होता, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कोण, हे त्याच सुमारास ठरणार होतं. सूनबाईला ती खुर्ची हवी होती. तोंडाने ती कधी म्हणाली नाही, पण घरात कोणापासून लपलेलं नव्हतं. नऊ वर्षं राबली होती ती तिथे. प्रती करणारा सगळा भाग तिच्याच हातचा.

‘‘मग काढू देत की,’’ आमची मंडळी म्हणाली. ‘‘हजारांतली एक रुसकी गेली तर काय अडलं?’’

‘‘आई, ती माझ्याच कामावर नजर ठेवायला बसवली आहे. ती काढली आणि उद्या कोणाची फाइल गेली, तर मी काय सांगू?’’

‘‘आणि सरळ केलीस तर?’’

‘‘तर खुर्ची बहुतेक माझी. मुकादम स्वतः म्हणाला.’’

‘‘मग कर सरळ. त्यात काय एवढं? मी नाही का यांना केलं?’’

मंडळींचा रोख माझ्याकडे होता. मी चहा प्यायलो.

कचेरीतल्या लोकांनी आधीच बरंच करून पाहिलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला नवी मशिनं आली, तेव्हापासून रुसूबाईचं हे सुरू झालं. मशीनवर कामाचा भार पडतो, मशीन हळू होतं आणि प्रत वेळेत पोचत नाही, असं सगळ्यांचं मत. म्हणून तिला दिलेली मुदत पाच सेकंदांची दहा केली, दहाची तीस केली. तरी ती रुसायची राहिली नाही. मग लोक बटण दाबायला शिकले. लाल झाली, दाब बटण. सूनबाई म्हणाली, आता कोणी लाल रंगाकडे बघतही नाही, बोट आपोआप जातं.

‘‘तुमच्या छापखान्यात असं मशीन असतं तर तुम्ही काय केलं असतं?’’ तिने विचारलं.

‘‘कायमचं बिघडलेलं मशीन सोपं, ते कुठे पळून जात नाही. अधूनमधून बिघडणाऱ्यापाशी बसावं लागतं.’’

‘‘बसून काय करायचं?’’

‘‘काही नाही. पेन्सिल घेऊन बसायचं.’’

ती म्हणाली, ‘‘बसता का?’’

मंगळवारी ती कचेरीतलं एक नवं मशीन घरी घेऊन आली. खिडकीपाशी माझ्या खुर्चीसमोर मांडलं. चाचणी आपली आपण सतत चालत राहील अशी व्यवस्था केली. एका फेरीला बारा सेकंद. मी अक्षरं साठीनंतर शिकलो, त्यामुळे पडद्यावरचं सगळं वाचायला मला वेळ लागतो. पण लाल-हिरवं कळायला शाळा लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर मी रेघा मारायला लागलो. चार उभ्या, पाचवी आडवी. लाल झाली की बाजूला फुली, वेळ, आणि त्या वेळी काय चाललं होतं तेही. ही शेवटची सवय छापखान्यातली. मशीन अडलं की नुसती वेळ लिहून भागत नसे. पंखा चालू होता का, दार उघडं होतं का, कागदाचा नवा गठ्ठा फोडला होता का, हे सगळं लक्षात ठेवायचं. तेव्हा लिहिता येत नव्हतं म्हणून खुणा करत असे. आता लिहिलं.

पहिल्या तासात सात फुल्या पडल्या. मग सूनबाईने त्याच मशीनवर आपलं दुसरं काम काढलं. मशीनच्या पोटातला पंखा घरघरायला लागला. दोन तास मी रेघा मारत होतो, एक फुली नाही. ती जेवायला उठली, पंखा शांत झाला, आणि माझा घास हातात असतानाच लाल. अर्ध्या तासात चार वेळा. जेवण झालं, ती परत कामाला बसली, घरघर सुरू, लाल बंद. चहाला उठली, पुन्हा दोन.

संध्याकाळी मी कॅलेंडर तिच्यापुढे धरलं. ‘‘पोरी, तू काम करतेस तेव्हा ही रुसत नाही. तू उठलीस की रुसते.’’

मंडळी भाजी निवडत होती, तिने मानही वर केली नाही. ‘‘रुसूबाई कसली? सासू आहे ती. सून राबतेय तोवर खूश, सून टेकली की लाल.’’

सूनबाई हसली, पण अर्ध्यात थांबली. कॅलेंडर हातात घेऊन तिने फुल्यांवरून बोट फिरवलं. ‘‘बाबा, पंखा घरघरतो तेव्हा मशीनवर भार असतो. म्हणजे हळू असतं. तेव्हा ती लाल व्हायला हवी.’’

‘‘झाली नाही.’’

‘‘एकदाही?’’

‘‘रेघा खोट्या मारत नाही मी.’’

बुधवारी सकाळी तिने खात्री करून घेतली. आधी मशीनला मुद्दाम चार-पाच जड कामं लावली. चारशे फेऱ्या, एक लाल नाही. मग सगळं बंद करून नुसती रुसूबाई ठेवली. दीडशे फेऱ्यांत पाच.

‘‘उलटं आहे सगळं,’’ ती म्हणाली. ‘‘हळू झाल्यामुळे नाही, लवकर झाल्यामुळे बिघडतंय. आणि आम्ही सहा महिने मुदत वाढवत बसलो.’’

‘‘आमच्याकडे असं एकाच बाबतीत व्हायचं,’’ मी म्हणालो. ‘‘वेग वाढवला आणि हवा कोरडी असली की दोन कागद एकमेकांना चिकटून एकदम आत जायचे. आकडा मोजणाऱ्या काट्याला ते एकच वाटायचे. वरच्यावर छपाई, खालचा कोरा, आणि मोजणीत एक.’’

मी सहज बोललो होतो. ती मशीनकडे वळली. लाल झालेल्या एका फेरीच्या नोंदी उघडल्या आणि दोन ओळी एकाखाली एक आणून ठेवल्या. पहिला शब्द कधी लिहिला ती वेळ, आणि दुसरा कधी लिहिला ती. लांबलचक आकडे होते. मी एकेक अंक जुळवत गेलो. शेवटपर्यंत तेच.

‘‘एकाच वेळी कसं लिहिलं दोनदा?’’

‘‘एकाच वेळी नाही लिहिलं. या मशीनचं घड्याळ सेकंदाला अडीचशे ठोके टाकतं. फाइल कधी बदलली ती वेळ ठोक्याच्या हिशेबाने पडते. दोन्ही लिखाणं आणि मधली प्रत एकाच ठोक्यात उरकली तर दोन्हींची वेळ एक दिसते. जुनी मशिनं एवढी चपळ नव्हती. मशीन दमलेलं असलं की मध्ये एखादा ठोका पडतोच.’’

‘‘बरं. मग प्रत का होत नाही दुसऱ्याची?’’

‘‘कारण यंत्रणा बघते, फाइलीची वेळ बदलली का, आकार बदलला का. दोन्ही तेच असेल तर फाइल बदललीच नाही असं समजते आणि पुढे जाते.’’

‘‘हे कोणी ठरवलं?’’

‘‘मी,’’ ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या शेजारी एक वयस्क सहकारी बसत, त्यांना सगळे मास्तर म्हणत. तिने हा भाग लिहिला तेव्हा मास्तर म्हणाले होते की एकाच ठोक्यात दोनदा लिहिलं तर पंचाईत होईल. ती म्हणाली होती, इतक्या घाईत कोण लिहितं? मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी रुसूबाई लिहून ठेवली आणि काही महिन्यांनी निवृत्त झाले. नवी मशिनं येईपर्यंत चाचणी हिरवी राहिली, आणि सूनबाई हे बोलणं विसरून गेली.

संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. तिचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

‘‘सापडलं का काही?’’

‘‘सापडलं. दोन लिखाणं एकाच ठोक्यात पडतात, म्हणून दुसरं कळत नाही.’’

‘‘अरे वा! म्हणजे चाचणीच घाई करते. मग सोपं आहे, मध्ये एक डुलकी टाक आणि मोकळी हो. मी वर कळवतो की तू सोडवलंस म्हणून.’’

डुलकी म्हणजे चाचणीला मध्येच क्षणभर थांबवणं. त्यांच्या कचेरीत हा रामबाण उपाय. कुठलीही चाचणी रुसली की तिच्या पोटात एक डुलकी टाकतात.

‘‘पण मला वाटतं, दोष...’’

‘‘शुक्रवारी दुपारी हिरवी दिसली पाहिजे. बाकीचं नंतर बघू. चल, अभिनंदन.’’

फोन बंद झाला. मंडळी म्हणाली, ‘‘अभिनंदन म्हणाला. म्हणजे खुर्ची मिळाली?’’

‘‘मिळाल्यासारखीच आहे, आई.’’

‘‘मग तोंड असं का?’’

ती पीठ मळत राहिली.

गुरुवारी सकाळी तिने डुलकी टाकली. एक ओळ, मला वाचता येईल एवढी लहान. मी रेघा मारायला बसलो. दुपार झाली, हजार फेऱ्या झाल्या, फुली एकही नाही. सगळं कॅलेंडर गवत उगवल्यासारखं रेघांनी भरलं. मंडळी ताक घेऊन आली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, ‘‘झोपली वाटतं सासू.’’

‘‘झोपवली,’’ सूनबाई म्हणाली.

‘‘आणि लोकांच्या मशिनांना कोण झोपवणार?’’

मंडळींनी ते थट्टेत विचारलं होतं. सूनबाईने ग्लास खाली ठेवला. ‘‘आई, तेच तर. लोकांची मशिनंही आता याच चपळाईची यायला लागलीत.’’

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मंडळींनाही धड माहीत नव्हती.

आमच्या मशीनला कागदाच्या वाटेवर एक पट्टी असायची. दोन कागद एकदम आले की जाडीवरून तिला कळायचं आणि ती मशीन बंद पाडायची. कोरड्या दिवसांत ती तासात दहा-दहा वेळा थांबवी. पाळीचं काम निघेना. मग आम्ही तिचा स्क्रू अर्धा आटा सैल करायचो. मीही करायचो, सगळेच करायचे. पट्टी उगाच थांबवते, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि ते आम्हाला खरंही वाटायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी. काम झपाझप निघे आणि मुकादम पाठ थोपटी.

मी अक्षरं शिकायला प्रौढांच्या वर्गात जाऊ लागलो, तेव्हा माझ्या शेजारी एक भाजीवाली बसायची. तिला मिळालेल्या पुस्तकात दोन पानं छापलेली, दोन कोरी, पुन्हा दोन छापलेली, दोन कोरी. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, छपाईची चूक दिसते, शेजाऱ्याच्या पुस्तकात बघा. ती माझ्या पुस्तकात बघायची. मला पाहताक्षणी कळलं होतं की हा कागद जोडीने आत गेलेला आहे. कुठल्या छापखान्यातला, कोणाच्या पाळीतला, देव जाणे. माझाच असेल असं नाही, पण नसेल असंही नाही. अक्षरं यायला तिला माझ्याहून चार महिने जास्त लागले. घरी जाऊन अभ्यास करायला तिच्याकडे अर्धंच पुस्तक होतं. मी तिला काही बोललो नाही.

‘‘कधीच नाही?’’ सूनबाईने विचारलं.

‘‘नाही. काय बोलणार? स्क्रू कोणाला दिसत नव्हता.’’

मंडळी ताकाचे ग्लास उचलून आत गेली. जाताना म्हणाली, ‘‘चाळीस वर्षं संसार केला, हे आज कळतंय.’’ रागाने नाही म्हणाली.

सूनबाई पडद्याकडे वळली. मग तिने डुलकीची ओळ पुसली. माझ्यासमोर पुसली, आणि दोन मिनिटांतच फुली आली. मी ती नवीन पानावर मांडली.

मग तिने कचेरीतल्या सगळ्यांना पत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मला म्हणाली, ‘‘वाचा. तुम्हाला कळलं तर कोणालाही कळेल.’’

मी बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या ओळीवर अडलो. तिथे लिहिलं होतं, ‘विशिष्ट परिस्थितीत प्रतींच्या सुसंगतीमध्ये तफावत संभवते.’

‘‘हे काय आहे?’’

‘‘म्हणजे फाइल हरवू शकते.’’

‘‘मग तसं का लिहिलं नाहीस?’’

तिने ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘दोन बदल फार लवकर झाले तर दुसरा प्रतीत पोचत नाही. रुसूबाई खरं सांगत होती. दोष प्रती करणाऱ्या भागात आहे. तो भाग मी लिहिला आहे आणि तो तीन वर्षं लोकांकडे चालू आहे.’ पुढे तिने मास्तरांचंही लिहिलं, की त्यांनी हे तेव्हाच सांगितलं होतं. पत्र पाठवलं आणि खरी दुरुस्ती करायला बसली.

दुरुस्ती अशी, की आता वेळेवर विसंबायचं नाही. फाइलीत लिहिलं की तिचा एक आकडा एकाने वाढायचा. आकडा पुढे गेला असेल तर प्रत करायची, घड्याळ काही म्हणो. ऐकून मी म्हणालो, पावतीपुस्तकांच्या छपाईत आम्ही असेच निर्धास्त असायचो, तिथे प्रत्येक कागदावर नंबर पडायचा, एक कागद गळला तरी लगेच उघडं पडे. ती म्हणाली, ‘‘मग मला आधीच नाही का सांगायचं?’’ मी म्हणालो, ‘‘तू विचारलंस कधी?’’

शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला माझ्या पानावर तेराशे रेघा होत्या. मशीन शांत, पंखा बंद, डुलकी नाही, फुली नाही. फोन वाजला.

‘‘पत्र पाठवण्याआधी मला विचारायचं होतंस,’’ मुकादम म्हणाला.

‘‘विचारलं असतं तर पाठवू दिलं असतंत?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘नवी आवृत्ती आता महिनाअखेरीला निघत नाही. सगळ्या लोकांच्या प्रती मूळ फायलींशी ताडून बघायच्या आहेत. ते काम तूच कर.’’

‘‘करते.’’

त्यात तीन आठवडे गेले. सात फायली निघाल्या, ज्यांची प्रत जुनी राहिली होती. सहा किरकोळ होत्या. सातवी एका जमीनमोजणीच्या कचेरीतला नकाशा. प्रतीत एक कुंपण जुन्या जागी होतं. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं. ती गेली असती तर कुंपण जुन्या जागीच राहिलं असतं आणि कोणाला का ते कळलं नसतं. सूनबाईने त्या कचेरीला स्वतः फोन करून सांगितलं. तिथला माणूस आधी चिडला आणि मग म्हणाला, बरं झालं, सांगितलंत.

खुर्चीचा निर्णय पुढच्या महिन्यात लागला. ती संध्याकाळी आली, चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

‘‘दुसऱ्याला मिळाली, आई. खिडकीजवळ बसतो त्याला.’’

मंडळींनी हातातली पळी खाली ठेवली. ‘‘त्या पत्रामुळे?’’

‘‘तसं कोणी बोललं नाही. पण हो.’’

‘‘आणि ती सासू?’’

‘‘आहे जागेवर. रोज शंभरदा चालते, हिरवी असते.’’ मग ती माझ्याकडे वळली. ‘‘मुकादमाने जाता जाता एक नियम केला. परत चालवायचं बटण आता नुसतं दाबलं जात नाही. आधी लिहावं लागतं, लाल कधी झाली आणि तेव्हा काय चाललं होतं. लोक कुरकुर करताहेत.’’

‘‘करणारच,’’ मी म्हणालो.

‘‘तुमचं कॅलेंडर मी माझ्या टेबलावर लावलंय. मास्तर भेटायला आले होते, त्यांनी बघितलं. विचारत होते, या रेघा कोणाच्या.’’

‘‘मग काय सांगितलंस?’’

‘‘सासऱ्यांच्या.’’

मंडळी पळी उचलत म्हणाली, ‘‘नवीन कॅलेंडर आणा आता. दुधाचे खाडे कुठे लिहू मी?’’